पातळ पत्र्याचं वेल्डिंग: कुठल्या पत्र्याला कुठली पद्धत, कुठली तार आणि काम कसं उरकायचं

मागच्या महिन्यात एक पोरगं आमच्या उद्यमनगरच्या शेडवर आलं, हातात एक एमएम सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्याचा वाकवून केलेला पॅनेल बॉक्स, आणि चारी कोपऱ्यांना शेंगदाणा जाईल एवढाली भोकं. म्हणालं, दादा नवीन इन्व्हर्टर मशीन घेतलंय पण त्यातच काहीतरी घोळ आहे, आर्क (वेल्डिंगची ठिणगी) धरला की पत्रा खातंय. मशीन बघितलं, मशीन एकदम ठणठणीत. होल्डरला ३.१५ एमएमची कांडी (वेल्डिंगचा रॉड) आणि करंट ११० अँपिअरवर. आता त्याचंही काय चुकलं म्हणायचं, आपल्याकडं हात बसतो तोच जाड कामावर. कोल्हापूर म्हटलं की ओतकाम, इंजिनं, ट्रॉल्या, अँगल-चॅनेलची शेडं, त्यात ३.१५ ची कांडी आणि शंभराच्या वरचा करंट हाच रोजचा हिशोब असतो, आणि तोच हात एक एमएमवर फिरवला की भोक पडणारच.

म्हणून हे सगळं बैजवार लिहून काढतोय. माझा अनुभव असा की पातळ पत्र्याचं काम बिघडतं ते निम्म्याहून जास्त वेळा आर्क पेटवायच्या आधीच बिघडलेलं असतं. पत्रा मोजलेला नसतो, कसला आहे बघितलेला नसतो, फट ठेवलेली असते, आणि मग सगळा राग मशीनवर. तेव्हा मी ज्या क्रमानं काम करतो त्याच क्रमानं सांगतो. पातळ म्हणजे इथं आपण साधारण ०.५ ते १.६ एमएम धरूया, २ एमएमच्या पुढं गेलात की नेहमीच्या हातानं चालतंय.

आधी मोजा, गेजवर जाऊ नका

दुकानात सगळे गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या नंबरात बोलतात, १८ चा द्या, २० चा द्या. पण गेजचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि दुकानदार कुठला धरतोय हे प्रत्येकाचं वेगळं. आपल्याकडं जो जास्त चालतो त्यात १६ गेज म्हणजे १.६ एमएम, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे ०.५६ च्या आसपास. पण हातात येणारा पत्रा तेवढाच भरेल याची खात्री नाही, म्हणून व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर खिशात ठेवा आणि कडेला जिथं कातरीनं बर (उठलेली धार) आलाय तिथं न मोजता थोडं आत मोजा. आख्खी शीट घेत असाल तर वजनावरून पण कळतं: लोखंडाचा एक एमएम पत्रा एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे आठ बाय चारची एक एमएमची शीट २३ किलोच्या थोडी वर गेली पाहिजे. २१ भरली तर तो पत्रा ०.९ चा आहे, मग त्यावर १ एमएमचं सेटिंग लावून कशाला भोकं पाडून घ्यायची.

पत्रा कसला आहे ते ओळखा

सीआर म्हणजे गुळगुळीत, राखाडी, तेलकट हात लागतो तो. एचआर (हॉट रोल्ड, गरम लाटलेला) पत्र्यावर काळपट निळी पापडी असते, ती जोडाच्या जागी घासून काढावीच लागते. जीआयवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चांदीसारखी फुलं दिसतात, पण काही जीआय पत्रा फुलं न दिसणारा सपाट पण येतोय, शंका आली तर कडेला ग्राइंडर हलकाच टेकवा, पत्र्याचं कातडं आणि आतलं लोखंड रंगानं वेगळं दिसतं.

एसएसला (स्टेनलेस स्टीलला) लोक चुंबक लावतात आणि चिकटलं नाही की ३०४ जातीचं म्हणून मोकळे होतात. इथं लई जण फसतात. २०२ ह्या दुसऱ्या जातीला पण चुंबक चिकटत नाही. आणि ३०४ चा पत्रा जिथं वाकवलाय तिथं चुंबक थोडं ओढतं, म्हणून तो खोटा ठरत नाही. ४३० ला मात्र सरळ चिकटतं. ३०४ आणि २०२ मधला फरक बघायला थेंब टाकायचं टेस्टिंग लिक्विड मिळतं, भंगारवाले वापरतात तेच, रंग बदलला की कळतं. दुधाचं, खाण्यापिण्याचं काम असेल तर हे तपासल्याशिवाय मी पत्र्याला हात लावत नाही.

ॲल्युमिनियम वजनावरून हातातच कळतं, लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश.

मग विचारा, ह्या जोडानं करायचंय काय

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पद्धत ठरते ती ह्यावरच. पाणी-दूध धरायचंय का, वजन पेलायचंय का, का नुसतं दिसायला चांगलं पाहिजे? जोडाच्या मागं हात जातोय का? रंग लागणार आहे का उघडं राहणार?

एक उदाहरण सांगतो. कागलकडचे एक मामा धान्याची कोठी घेऊन आले, जीआय पत्रा, २४ गेज, तळाजवळची शिवण उसवलेली. म्हणाले वेल्डिंग मारून दे. मी म्हटलं मामा, ह्याला वेल्डिंग नकोच. ०.५६ चा जस्ताचा पत्रा, वेल्डिंग मारलं तर जोडाच्या दोन्ही बाजूचं जस्त जळणार आणि दोन पावसाळ्यात तिथनंच गंजून पुन्हा उसवणार. त्यापेक्षा कडा दुमडून एकमेकांत अडकवल्या, लाकडी मोगरीनं दाबून बसवल्या, दोन-दोन इंचावर रिबेट मारले आणि बाहेरनं सिलिकॉन. पूर्वीचे पत्राकाम करणारे हेच करायचे, दुमड आणि वर डाग, म्हणजे सोल्डर. डाग द्यायचा असला तरी शिसं असलेला कथील-शिशाचा डाग खाण्यापिण्याच्या वस्तूला देऊ नका, बिनशिशाचा मिळतो तो घ्या. सांगायचा मुद्दा, ०.६ च्या खाली आणि त्यात जस्त असेल तर वेल्डिंग हा शेवटचा पर्याय ठेवा.

कडा आणि फट, इथं वेळ घाला

आता हे नीट वाचा, कारण इथं घातलेला अर्धा तास पुढचे दोन तास वाचवतो.

जाड प्लेटीला आपण मुद्दाम फट ठेवतो, आत पेनिट्रेशन (वितळण खोलवर) जावं म्हणून. पातळ पत्र्याला उलटं. फट म्हणजे भोकाची सुरुवात. आर्क फटीवर आला की दोन्ही कडांना मागं धातूच नसतो, उष्णता पसरायला जागा नाही, त्या कडा वितळून मागं सरतात आणि फट आणखी मोठी होते. मग आपण तिथं भरण (कांडी-तारेचा धातू) टाकत बसतो, आणखी उष्णता, आणखी भोक. एक एमएमच्या पत्र्याला अर्ध्या एमएमच्या वर फट नको, आणि आर्गननं (टिगनं, ते पुढं येतंय) करणार असाल तर प्रकाश आरपार दिसायला नको इतकं घट्ट बसवा. दोन पत्रे जुळवून ट्यूबलाइटसमोर धरा, जिथं उजेडाची रेघ दिसते तिथं कानस मारा.

कातरीनं कापलेल्या कडेला बर असतो, तो कानशीनं काढा. जोडाच्या दोन्ही बाजूला २०-२५ एमएम तेल, रंग, गंज सगळं साफ. तेल पुसायला थिनर चालतं पण पूर्ण वाळू द्या, आणि गॅरेजवाले वापरतात तो ब्रेक क्लिनर स्प्रे वेल्डिंगच्या आसपास पण आणू नका. त्यातल्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्याचा फॉस्जीन वायू होतो आणि तो जीव घेऊ शकतो.

जोडाचा प्रकार निवडता येत असेल तर समोरासमोर जोड शक्यतो टाळाच. एकावर एक १०-१५ एमएम चढवलेला जोड हाताला सोपा, भोक पडायचा धोका कमी. पेटीचा कोपरा असेल तर बाहेरचा कोपरा, म्हणजे दोन कडा टोकाला टोक लावून. आणि मला सगळ्यात आवडणारा म्हणजे कॉलर जोड: दोन्ही कडा पत्र्याच्या जाडीच्या दीडदोनपट नव्वद अंशात वर उभ्या करायच्या, एकमेकींना चिकटवायच्या आणि त्या उभ्या कडाच वितळवून टाकायच्या. भरण लागत नाही, तीच कड भरण होते, गॅसवर पण आणि आर्गनवर पण झकास येतं.

आता पद्धती

कांडीचं वेल्डिंग, म्हणजे आपलं साधं आर्क. बऱ्याच जणांकडं एवढंच आहे, म्हणून आधी हे. १.६ एमएमपर्यंत चांगलं होतं, १.२ ला हात लागतो, १ एमएमच्या खाली मी करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कांडी ६०१३, जाडी २ एमएम, करंट ४० ते ५५. २.५ ची कांडी असेल तर ६० ते ७०, पण ती १.६ च्या पत्र्यालाच. डीसी इन्व्हर्टर असेल तर होल्डर मायनसला आणि अर्थ प्लसला लावा, तसं केल्यानं पत्र्याच्या आत कमी घुसतं. पत्रा सपाट न ठेवता एका बाजूनं उचलून उतरता ठेवा आणि वरून खाली ओढत या, हाताचा वेग वाढवा, आर्क एकदम आखूड धरा. ७०१८ ची कांडी इथं आणू नका, ती जाड आणि ताकदीच्या कामाची, पातळ पत्र्यावर ती सांभाळत बसायला लागते.

त्या पोराला मी हेच करून दिलं, २ ची कांडी आणि ४५ करंट, त्याच्याच पत्र्याच्या तुकड्यावर. पहिल्या दोन वेळा कांडी चिकटली, तिसऱ्या वेळी चार इंचाची सलग शिवण आली, मागनं नुसता निळा डाग, भोक एक पण नाही.

सीओटू, म्हणजे मिग, गनमधून तार आपोआप सुटत राहते ते. ज्याला रोज पत्र्याचं काम आहे, कपाटं, पॅनेल, गाड्यांच्या बॉड्या, त्यानं हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तार ०.८ एमएम, ईआर ७०एस-६, तांब्याचा मुलामा असलेली. १.२ ची तार मशीनबरोबर येते म्हणून तीच लावून बसू नका, ती पातळ पत्र्याला पेटायलाच जास्त करंट मागते. ०.७-०.८ च्या बॉडी पत्र्याला ०.६ ची तार मिळाली तर अजून बरं. अंदाज असा धरायचा की एका एमएमला साधारण ४० अँपिअर, मग तिथनं वर-खाली. १ एमएम पत्र्याला ०.८ च्या तारेनं ४५ ते ६०, व्होल्टेज १५-१६, तारेचा वेग मिनिटाला अडीच ते साडेतीन मीटर. कानानं ओळखा: कढईत मोहरी तडतडते तसा सलग बारीक आवाज आला की जमलं. फट-फट असा तुटक मोठा आवाज आला आणि तार गन मागं ढकलायला लागली तर व्होल्टेज कमी पडतंय नाहीतर तार जास्त सुटतीय. शूं-शूं करून मोठे थेंब गळायला लागले तर व्होल्टेज जास्त झालंय.

गॅस नुसता सीओटू स्वस्त पडतो पण शिंतोडे जास्त आणि पत्र्यात जास्त घुसतो. आर्गन-सीओटू ८०-२० चं मिश्रण महाग पण पातळ पत्र्याला आर्क मऊ चालतो, नंतर ग्राइंडरचं काम कमी. रोजचं काम असेल तर मिश्रणाचाच सिलेंडर घ्या, शिंतोडे काढायला जाणारी मजुरी धरली तर तो महाग पडत नाही. फ्लो मिनिटाला ८ ते १२ लिटर, शेडमध्ये वारा असेल तर आडोसा करा, फ्लो वाढवून उपयोग नाही, उलट जोरात सोडला की तो बाहेरची हवा आत ओढतो. तार नोझलच्या बाहेर ६ ते १० एमएमच. गन पुढं ढकलत चला, मागं ओढत चाललात की पत्र्यात जास्त खोल जाते.

बिनगॅसची फ्लक्सची तार बाजारात मिळते, मशीन स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात. ती जरा गरम चालते, १ एमएमवर सांभाळणं अवघड, शेतावर उघड्यावर दुरुस्तीला ठीक. त्या तारेला गन मायनसला लावायची असते हे लक्षात ठेवा, मिगच्या उलट.

आर्गन, म्हणजे टिग, टंगस्टनच्या टोकावर आर्क आणि भरण दुसऱ्या हातानं. हळू काम, पण पातळ पत्र्यावर उष्णता जेवढी ह्यात हातात राहते तेवढी दुसऱ्या कशातच नाही, कारण करंट आणि भरण वेगवेगळ्या हातात असतं. एसएसला तर हेच. टंगस्टन १.६ एमएम, टोक पेन्सिलीसारखं आणि घासताना रेघा लांबीच्या दिशेनं आल्या पाहिजेत, आडव्या घासल्या की आर्क भरकटतो. लाल पट्टीचं टंगस्टन थोरियमचं असतं, ते घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते, नाकात जाऊ देऊ नका. सोनेरी किंवा निळ्या पट्टीचं लँथॅनमचं घेतलं तर ती काळजीच नाही, आणि ते एसी-डीसी दोन्हीला चालतं. डीसीला टॉर्च मायनसला. १ एमएम लोखंडाला ३५ ते ४५ अँपिअर, एसएसला त्यापेक्षा थोडं कमीच. फ्लो ६ ते ८ लिटर, आणि आर्क तोडल्यावर टॉर्च लगेच उचलू नका, चार-पाच सेकंद तिथंच धरा, गरम जोडाला हवा लागायला नको.

मशीनला पल्स असेल तर तो वापरायला शिका. करंट वर जातो तेव्हा थेंब वितळतो, खाली येतो तेव्हा गोठतो, आणि सरासरी उष्णता कमी पडते.

गॅस वेल्डिंग आता मागं पडलंय, पण सायकलची, बॉडीची, सायलेन्सरची जुनी माणसं अजून ह्यावर बिनभोकाची शिवण घालतात ती बघत राहावी. लहान नोझल, न्यूट्रल ज्योत, म्हणजे आतला पांढरा कोन स्वच्छ आणि त्याला पिसं नकोत. भरण म्हणजे तांब्याचा मुलामा असलेली १.६ ची लोखंडी कांडी. पण उष्णता लांबवर पसरते, मोठा सपाट पत्रा असेल तर तो वळणार हे धरूनच चाला. ह्याच टॉर्चवर पितळेनं झाळणं मात्र फार उपयोगाचं: पितळ ९०० च्या आसपास वितळतं, लोखंडाला १५०० लागतात, म्हणजे पत्रा वितळतच नाही, भोक पडायचा विषयच मिटला. सुहागा किंवा फ्लक्स लावून एकावर एक चढवलेल्या जोडात पितळ आपोआप ओढलं जातं, दोन पत्र्यांत कागदाएवढी फट असली की बास. नंतर फ्लक्स गरम पाण्यानं घासून काढायचाच, राहिला की खाली गंज धरतो. आणि डीएचा (ॲसिटिलीन गॅसचा) दाब १ बारच्या, म्हणजे १५ पीएसआयच्या वर कधी नेऊ नका, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नका.

स्पॉट वेल्डिंग (दोन पत्रे तांब्याच्या टिपांत दाबून ठिपक्यानं जोडणं) एकसारखा माल शेकड्यानं काढायचा असेल तर. तांब्याच्या टिपचं तोंड किती ठेवायचं ह्याचा सोपा हिशोब आहे, जाडीचं वर्गमूळ काढून पाचनं गुणायचं, १ एमएमला ५ एमएम, ०.८ ला साडेचार. रोज सकाळी दोन तुकडे स्पॉट मारून वाईसमध्ये धरून पक्कडीनं सोलून बघा: एका तुकड्यात भोक आणि दुसऱ्यावर बटणासारखा गोळा राहिला तर स्पॉट बरोबर, नुसतं टक्कन सुटलं तर करंट किंवा दाब कमी पडतोय.

हातात धरायचं लेझर वेल्डिंग पण आता आलंय, पातळ एसएसला सुरेख आणि पत्रा वळत नाही, पण कडा एकदम तंतोतंत लागतात, आणि त्याची किरणं डोळ्याला दिसत नाहीत तरी डोळा कायमचा घालवतात. त्याच्या तरंगलांबीचा खास चष्मा आणि बंदिस्त जागा नसेल तर हात घालू नका, साध्या वेल्डिंगच्या काचेवर विसंबू नका.

भरण कुठलं

लोखंडाला लोखंड, ईआर ७०एस-६, टिगला पण ७०एस-२ नाहीतर ७०एस-६. एसएस ३०४ ला ३०८एल, ३१६ ला ३१६एल. एसएस आणि लोखंड एकमेकांना जोडायचं असेल तर ३०९एल, इथं ३०८ किंवा साधी तार वापरली की आज चिकटतं आणि नंतर चिरतं. एल म्हणजे कार्बन कमी, जोडाशेजारी गंज धरायची भीती कमी. ॲल्युमिनियमला ४०४३ नेहमीच्या कामाला, ५०५२ सारख्या पत्र्याला किंवा नंतर ॲनोडायझिंग करायचं असेल तर ५३५६. भरणाची तार पत्र्याच्या जाडीएवढी किंवा थोडी जास्त, १ एमएमला २.४ ची तार घेतली तर तार वितळवायलाच एवढी उष्णता जाते की खालचा पत्रा तोवर गेलेला असतो.

ॲल्युमिनियमला एसी करंट लागतो, कारण वरची ऑक्साइडची पापडी २००० अंशाच्या वर वितळते आणि आतलं ॲल्युमिनियम ६६० लाच. लाल होत नाही, इशारा देत नाही, थेट खाली बसतं. वेगळा एसएसचा ब्रश फक्त ॲल्युमिनियमलाच ठेवा. १ एमएमच्या खालचं ॲल्युमिनियम नवशिक्यानं गिऱ्हाइकाच्या मालावर करू नये.

टाके आणि क्रम

मी नवीन होतो तेव्हा एका कपाटाचं दार केलं होतं, २० गेज, साडेपाच फूट उंच. मागं पट्टी लावायची होती, वरून सुरुवात केली आणि सलग खालपर्यंत शिवण मारत गेलो, शिवण सुंदर आली. उचलून उभं केलं तर दाराला पोट आलेलं, बोटानं दाबलं की टुब्बक करून आत जायचं आणि सोडलं की बाहेर. पत्रा वाया, मजुरी वाया, आणि गिऱ्हाइकाला चार दिवस उशीर. त्या दिवशी मला कळलं की वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि आकसताना अख्ख्या पत्र्याला ओढतं, एका टोकाकडनं सलग गेलात तर सगळी ओढ एकाच दिशेला साठते.

तेव्हापासून असं करतो. आधी दोन टोकांना एकेक टाका (ठिपक्याएवढं वेल्डिंग), मग बरोबर मध्ये, मग प्रत्येक उरलेल्या भागाच्या मध्ये, असं करत १ एमएम पत्र्याला २० ते ३० एमएमवर टाके येईपर्यंत. प्रत्येक टाक्यानंतर कडा समपातळीत आहेत का बोटानं चाचपायचं, वर-खाली झाली असेल तर टाका गरम आहे तोवर हातोडीनं बसवायचं. मग शिवण २०-२५ एमएमच्या तुकड्यात, एक इथं, पुढचा लांब, तिसरा दुसऱ्या टोकाला, आणि मधे हात लावून बघायचं, चटका बसतोय तोवर शेजारचा तुकडा घ्यायचा नाही. ओल्या फडक्यानं झटकन गार करू नका, पत्रा तिथं आणखी आखडतो. खरंच शिवण सलग पाहिजे का तेही बघा, पट्टी नुसती धरून ठेवायची असेल तर दर दोन इंचाला अर्धा इंच पुरतं.

मागं तांब्याची पट्टी लावा, ३ ते ५ एमएम जाड, जुना बसबार (वीज पॅनेलातली तांब्याची पट्टी) भंगारात मिळतो तो उत्तम. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही, उष्णता मात्र तांबं ओढून घेतं, भोक पडता पडता राहतं. एसएसला तर ही पट्टी हवीच, कारण एसएस लोखंडापेक्षा साधारण दीडपट फुगतं आणि उष्णता त्याच्यातून हळू सरते, म्हणून ते जास्त वळतं.

वळलाच पत्रा तर? लोक वळलेल्या पोटावर हातोडी मारतात, त्यानं पोट आणखी वाढतं. आकसलाय तो जोड, म्हणून ताणायचा पण जोडच. शिवण घासून पत्र्याच्या बरोबरीला आणा, मागं लोखंडी ठोकळा घट्ट धरा आणि जोडावरच हलक्या हातानं ठोकत जा, पोट हळूहळू खाली बसतं.

दुधाच्या कॅनचं काम

एसएस ३०४ चा कॅन, गळ्याजवळ बारीक चीर, पत्रा १.२. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना २ एमएमची भोकं पाडली म्हणजे ती पुढं पळू नये. एसएसच्याच ब्रशनं आतबाहेर साफ. आत आर्गनची दुसरी नळी सोडली आणि तोंड पुठ्ठा-टेपनं बंद करून बारीक भोक ठेवलं, कारण एसएसच्या मागच्या बाजूला हवा लागली की तिथं काळं, फुलकोबीसारखं खरखरीत होतं, त्यात दूध अडकतं आणि नासतं. ४० अँपिअर, ३०८एल ची १.२ ची तार, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तुकडे. जोडाचा रंग फिकट पिवळा-सोनेरी आला की उष्णता बरोबर, निळा म्हणजे जरा जास्त, राखाडी-काळा म्हणजे जास्तच गरम झालं, तो भाग गंजणार. नंतर आतनं पॉलिश करून बोट फिरवलं, नख कुठं अडकायला नको.

जस्त, पाऊस आणि डोळे

जीआय करावंच लागलं तर जोडाच्या दोन्ही बाजूचं इंचभर जस्त आधी घासून काढा. जस्त ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, म्हणून तो पांढरा धूर आणि जोडात बुडबुडे. धूर छातीत गेला की संध्याकाळी तोंडाला गोडसर धातूची चव, मग थंडी वाजून ताप. मला एकदा झालंय, रात्रभर दोन चादरी घेऊन कुडकुडत होतो. दूध पिलं की उतरतं असं सगळे सांगतात, पण दुधानं धूर थांबत नाही, शटर उघडा, पंखा बाजूनं लावा, धातूच्या धुराचा मास्क घाला, आणि श्वासाला जड वाटलं तर दवाखाना गाठा. काम झालं की उघड्या पडलेल्या लोखंडावर झिंकचा स्प्रे, नाहीतर तिथनंच गंज सुरू.

आपल्याकडच्या पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेला सीआर आठवड्यात तांबूस होतो, पंचगंगा चढली की हवेतच पाणी असतं. पत्रा जमिनीपासून वर, तेलाचा हात देऊन ठेवा. ६०१३ च्या कांड्या दमट झाल्या तर १०० अंशाच्या आसपास तासभर वाळवा, बल्ब लावलेली पत्र्याची पेटी पण चालते. मिगच्या तारेचं बंडल रात्री मशीनमधून काढून पिशवीत बांधून ठेवा, गंजलेली तार लाइनरमध्ये (तार जाते त्या नळीत) अडकते.

कमी करंट आहे म्हणून काच न घालता टाके मारू नका. ९ किंवा १० नंबरची काच इथं बरोबर, ११-१२ घेतली तर थेंबच दिसत नाही आणि मग माणूस काच उचलून बघतो. आणि पेट्रोलची टाकी, रिकामी असली, धुतलेली असली तरी वेल्डिंगला घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

शेवटी तपासणी

फ्लॅप डिस्क ८० नंबरची, हलक्या हातानं, कारण इतका वेळ सांभाळलेला पत्रा ग्राइंडरनं अर्धा खाऊन टाकणारे पण मी बघितलेत. डिस्क जोडावर राहू द्या, शेजारच्या पत्र्यावर उतरू देऊ नका, आणि घासताना पण एकाच जागी थांबलात तर निळं होऊन पत्रा वळतो.

पाणी धरायचं काम असेल तर एका बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल नाहीतर डिझेल फडक्यानं लावा. रॉकेल पाण्यापेक्षा बारीक जागेतून शिरतं, पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटला की गळती बरोबर तिथंच. त्या जागी पेन्सिलीनं खूण करा, रॉकेल पूर्ण पुसून वाळवा, तेवढाच भाग कानशीनं उघडा करा आणि एकच टाका मारा, गार होऊ द्या, मग परत खडू लावा. खाण्यापिण्याच्या भांड्याला रॉकेल नको, तिथं नुसतं पाणी भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि सकाळी कागद बघा.